विजयाच्या सातबाऱ्यावरचा बोजा



अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने २०२२-२३च्या हंगामात ३७ सामने खेळले आणि ३१ जिंकले. संघातली सर्वांत नावाजलेली खेळाडू पेज बेकर्स गुडघ्याच्या दुखापतीमुळे वर्षभर बाकावर बसून होती. जानेवारीत तर खेळायला सात धडधाकट मुलीही उरल्या नाहीत, म्हणून एक सामना पुढे ढकलावा लागला. प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांना प्रकृतीच्या कारणाने काही सामन्यांना मुकावे लागले. एवढे सगळे सोसून संघाने आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले, राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळा संघांत धडक मारली आणि तिथे ओहायो स्टेटकडून ७३-६१ असा पराभव पत्करला. दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात अशा हंगामानंतर हारतुरे झाले असते. इथे बोलले गेले ते परंपरा तुटल्याबद्दल. २००८ ते २०२२ या काळात झालेल्या सर्व १४ स्पर्धांत हा संघ शेवटच्या चारांत होता. त्या साखळीची कडी या मुलींच्या हातून निसटली. त्याआधी फेब्रुवारीत हा संघ लागोपाठ दोन सामने हरला होता आणि १९९३नंतर असे प्रथमच घडले, याची मोठी बातमी झाली होती. त्या संघातल्या एकाही मुलीचा १९९३ साली जन्म झालेला नव्हता.

मला जे मांडायचे आहे ते या शेवटच्या वाक्यातून निघते. अपेक्षांच्या ओझ्याविषयी आपण बोलतो तेव्हा ते ओझे खेळाडूच्या स्वतःच्या कर्तृत्वाचे असते असे गृहीत धरतो: चांगले खेळलीस, आता आणखी चांगले खेळ. महाविद्यालयीन खेळात तसे होत नाही. तिथे खेळाडू साधारण चार वर्षे राहते, शिकते, निघून जाते. कीर्ती मात्र संस्थेच्या नावावर साचत राहते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात चढलेला बोजा जसा जमिनीबरोबर वारसांकडे येतो, तसा जुन्या विजयांचा बोजा दर वर्षी १८ वर्षांच्या नव्या मुलींच्या नावावर चढतो. घेणाऱ्या वेगळ्या, फेडणाऱ्या वेगळ्या. यशस्वी संघावर अपेक्षा असू नयेत असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की या अपेक्षेचा हिशेब चुकीच्या पद्धतीने लिहिला जातो आणि त्या चुकीची किंमत त्या मुली मोजतात.

हा बोजा चढला कसा, ते पाहू. ऑरिएमा १९८५ साली स्टॉर्स या आडगावी प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या हंगामात संघाने १२ सामने जिंकले, १५ हरले. त्यानंतर हरण्यापेक्षा जिंकणे कमी, असा हंगाम पुन्हा कधी आला नाही. १९९५मध्ये ३५ पैकी ३५ सामने जिंकून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले आणि २०२५पर्यंत अशी १२ विजेतेपदे झाली. त्यांतली सहा एकही सामना न हरता. त्या राज्याची परिस्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. १९९७ साली हार्टफर्ड शहराचा आइस हॉकीचा संघ दुसऱ्या राज्यात हलवला गेला आणि कनेक्टिकटला पुरुषांचा एकही मोठा व्यावसायिक संघ उरला नाही. शेजारी न्यूयॉर्क आणि बॉस्टन, म्हणजे इतरांच्या संघांना टाळ्या वाजवायच्या. अशा वेळी १९९४पासून २०१२पर्यंत राज्याच्या सार्वजनिक दूरचित्रवाहिनीने या मुलींचे सामने घरोघरी पोहोचवले. महाविद्यालयाचा संघ अशा रीतीने राज्याचा संघ झाला. हे प्रेम खरे होते, आजही आहे. ज्या देशात महिलांच्या सामन्यांना रिकाम्या खुर्च्या हीच दीर्घकाळ रीत होती, तिथे दहा हजारांचे सभागृह भरवणारे हे प्रेम मोठी मिळकत आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. पण प्रेमाची सवय झाली की त्याला हक्काचे रूप येते.

हक्काचे रूप आल्यावर विजयाचे मोल काय उरते, याचा सर्वांत बोलका पुरावा २०१३ ते २०२० या सात हंगामांतला आहे. या काळात कनेक्टिकट ज्या गटात खेळत होते, त्या गटातल्या प्रतिस्पर्ध्यांशी त्यांचे १३९ सामने झाले आणि १३९ही त्यांनी जिंकले. एकदाही पाय घसरू न देता सात वर्षे, म्हणजे खेळाडूंच्या जवळजवळ दोन पिढ्या. पण तो पराक्रम म्हणून कितीजणांनी साजरा केला? उलट, प्रतिस्पर्धी दुबळे आहेत, संघाची कसोटी लागत नाही, अशीच तक्रार होत राहिली. नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१७ या काळात त्यांनी सलग १११ सामने जिंकले आणि त्यांतले १०८ दहा किंवा त्याहून अधिक गुणांच्या फरकाने. २०१६च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी मिसिसिपी स्टेटला ९८-३८ असे, म्हणजे तब्बल ६० गुणांनी हरवले, तेव्हा बॉस्टनमधल्या एका क्रीडापत्रकाराने हे महिला बास्केटबॉलसाठी वाईट आहे असा सूर लावला. टायगर वुड्स जिंकत होता तेव्हा तो गोल्फसाठी वाईट आहे असे कोणी म्हटले नाही, याची आठवण ऑरिएमांनी करून दिली. एकीकडे हरणे हा अपराध आणि दुसरीकडे फार जिंकणे हाही अपराध. विजयाच्या खात्यावर शून्य जमा, पराजयाच्या खात्यावर पूर्ण वजावट, अशा हिशेबात कुठलाच संघ कधी फायद्यात राहू शकत नाही.

इथे मोह होतो तो असे म्हणण्याचा की अपेक्षांच्या दडपणामुळेच असे संघ हरतात. पुरावा तसे सांगत नाही, आणि तो जसा आहे तसा मांडला पाहिजे. डॅलसमध्ये ३१ मार्च २०१७ रोजी झालेला उपांत्य सामना घ्या. त्याच मिसिसिपी स्टेटशी, वर्षभरापूर्वी ६० गुणांनी चिरडलेल्या संघाशी, जादा वेळेत ६४-६४ अशी बरोबरी झालेली. दोन फ्री थ्रो घालून कनेक्टिकटने नुकतीच ती साधलेली, चेंडूही त्यांच्याच ताब्यात आणि घड्याळात थोडेच सेकंद. सावकाश शेवटच्या संधीची वाट पाहायची ती वेळ. पण घाईने बास्केटकडे झेप घेतली गेली आणि चेंडू हातचा गेला. पलीकडून साडेपाच फुटांहून कमी उंचीची मॉर्गन विल्यम चेंडू घेऊन आली, थबकली, उंच उडी मारणाऱ्या बचावपटूच्या हातांवरून तिने चेंडू सोडला आणि भोंगा वाजता वाजता तो आत गेला. ६६-६४. १११ सामन्यांची मालिका संपली. हे दडपण नव्हे तर काय, असे कोणी विचारेल. पण त्या संघाची दुसरी बाजूही पाहा. आदल्या वर्षीच्या तीन प्रमुख खेळाडू व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या तीन क्रमांकांवर निवडल्या जाऊन निघून गेल्या होत्या. हंगामाच्या आरंभी या संघाला देशात तिसऱ्या क्रमांकावर धरले होते आणि तरीही तो सलग ३६ सामने जिंकून तिथवर आला होता. साउथ कॅरोलायनाचेही तसेच. २०२३मध्ये ३६ सामने अपराजित राहून तो संघ उपांत्य फेरीत आयोवाकडून ७७-७३ असा हरला. पुढच्या वर्षी पाचही आघाडीच्या खेळाडू गेल्या, अंदाज खाली आले आणि नव्या मुलींनी ३८ पैकी ३८ सामने जिंकून विजेतेपद घेतले. यावरून अपेक्षा उतरल्या की खेळ खुलतो असा नियम काढावासा वाटतो. पण मग २०१६चा कनेक्टिकट? त्या संघाकडून विजेतेपदापेक्षा कमी कशाचीच अपेक्षा नव्हती, आणि तो ३८-० असा जिंकला. २०१०च्या अंतिम सामन्यात स्टॅनफर्डविरुद्ध पूर्वार्धात फक्त १२ गुण करणारा, अक्षरशः हात गोठल्यासारखा खेळणारा संघ उत्तरार्धात सावरला आणि ५३-४७ असा जिंकला. नॉर्वेचे अभ्यासक गेअर यॉर्डेट यांनी फुटबॉलच्या पेनल्टी किकचा अभ्यास करून दाखवले आहे की मोठा लौकिक असलेले खेळाडू त्या क्षणी तुलनेने जास्त चुकतात. एका किकपुरते ते पटते. पण पुऱ्या हंगामाचा निकाल त्यातून सांगता येत नाही. सारांश, दडपणाचे माप पराभवांच्या संख्येने घेता येत नाही. जिंकणारा संघही ते वाहत असतो. ते दिसत नाही इतकेच.

न दिसणारे ते कधीतरी दिसते. २००८ साली देशातली सर्वोत्तम शालेय खेळाडू मानली गेलेली एलेना डेल डॉन कनेक्टिकटमध्ये दाखल झाली आणि दोन-तीन दिवसांतच परत घरी गेली. तिची मोठी बहीण जन्मतः अंध आणि बहिरी. स्पर्शावाचून तिच्याशी संवाद नाही. तिच्यापासून लांब राहणे एलेनाला अशक्य झाले. पण त्याबरोबर हेही तिने उघडपणे सांगितले आहे की बास्केटबॉलचाच तिला वीट आला होता. घराजवळच्या डेलावेअर विद्यापीठात ती वर्षभर व्हॉलीबॉल खेळली. पुढे तिथेच ती बास्केटबॉलकडे परतली, २०१५ आणि २०१९ साली व्यावसायिक लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि २०१६ साली रिओत तिने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. ही मुलगी कच्ची होती असे म्हणण्याची आता कोणाची छाती नाही. अपेक्षांचा जाच दुबळ्यांनाच होतो हा समज तिच्या एका उदाहरणाने खोटा पडतो. आणि तिच्याजवळ परत जायला घर होते, दुसरे विद्यापीठ होते, नावही होते. ज्यांच्याजवळ यातले काहीच नसते, त्या गुमान राहतात.

आता पहिला आक्षेप. बोजा वारशाने येतो हे खरे, पण जमीनही वारशानेच येते ना? कनेक्टिकटच्या मुलीला उत्तम प्रशिक्षण मिळते, शिष्यवृत्ती मिळते, २०२१पासून स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवता येतात आणि मोजक्याच जागा असलेल्या व्यावसायिक लीगचे दार तिच्यासाठी किलकिले असते. शिवाय ती तिथे आपणहून जाते. हा आक्षेप वजनदार आहे. कनेक्टिकटच्या ब्रिआना स्टुअर्टने तर पहिल्याच वर्षी चार विजेतेपदे जिंकण्याचा मनोदय जाहीर केला आणि २०१३ ते २०१६ या चार वर्षांत १५१ सामने जिंकून, केवळ पाच हरून तो पुरा केला. स्वतः घेतलेला पण कितीही मोठा असो, त्याला मी ओझे म्हणणार नाही. पण सवलत स्वीकारली म्हणजे कसलाही हिशेब स्वीकारला असे होत नाही. मिळकतीवर कर्ज आहे हे मान्य. ते कर्ज कधी फिटले म्हणायचे, हे ठरलेले नसेल तर मात्र तक्रार रास्त ठरते. १२ विजेतेपदांनी जे फिटले नाही, ते तेराव्याने फिटेल असे मानायला आधार काय?

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो. कठोर मागणी नसती तर हे यश आलेच नसते, असे म्हटले जाते. कनेक्टिकटचा सराव पाहिला तर हे म्हणणे पटू लागते. तिथे मुली विद्यापीठातल्या पुरुष विद्यार्थ्यांच्या संघाविरुद्ध सराव करतात, आणि पाच मुलींसमोर कधी सहा, कधी सात, कधी आठ मुलगे उभे केले जातात. पास टाकायला फटच सापडू नये, हा हेतू. खांद्याचा कोन चुकला, नजर आधीच पासच्या दिशेला गेली, तर शिट्टी वाजते आणि तोच डाव पुन्हा. या मागणीत निर्दयता आहे असे कोणी म्हणू शकेल. मला तिच्यात आदर दिसतो. कारण तिला आशय आहे. काय चुकले, कसे सुधारायचे, हे ती सांगते आणि सुधारल्यावर थांबते. बाहेरून येणाऱ्या अपेक्षेला असा आशय नसतो. ती फक्त निकाल मागते. पहिल्या मागणीतून खेळाडू घडते. दुसरीतून तिला काही शिकता येत नाही, कारण शिकण्यासारखे त्यात काही सांगितलेलेच नसते. या दोन्हींना एकाच नावाने ओळखल्यामुळे आपण दुसरीचे समर्थन पहिलीच्या गुणांवर करतो. इथेच सगळी गफलत आहे.

तिसरा आक्षेप असा की यात बाईपणाचा संबंध काय? पुरुषांच्या संघांवरही हेच येते. येते, निश्चित येते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रशिक्षक जॉन वूडन यांनी १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या जागी आलेल्या जीन बार्टो यांनी दोन हंगामांत ५२ सामने जिंकले, ९ हरले, आणि टीकेला कंटाळून ते निघून गेले. टेनेसी विद्यापीठात महिला संघाच्या प्रशिक्षक पॅट समिट यांनी ३८ हंगामांत १,०९८ सामने आणि आठ विजेतेपदे जिंकली. २०११ साली अल्झायमरचे निदान झाल्यावर पुढच्या वर्षी त्या पायउतार झाल्या. त्यांच्यानंतर आलेल्या हॉली वॉरलिक यांनी १७२ सामने जिंकले, ६७ हरले आणि २०१९ साली त्यांना काढून टाकले गेले. त्यांच्या जागी आलेल्या केली हार्पर यांनाही २०२४मध्ये जावे लागले. दोघीही समिट यांच्याच हाताखाली खेळून तयार झालेल्या. समिट यांच्या संघात पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली, हा त्यांच्या कारकिर्दीतला माझ्या मते सर्वांत मोठा विक्रम. पण वारसदार निवडताना आणि काढताना तो कोणी मोजल्याचे दिसत नाही.

तरीही महिलांच्या संघावर एक जादा भार असतोच. पुरुषांचा संघ हरला तर तो संघ हरतो; त्या खेळाच्या लायकीवर प्रश्नचिन्ह लागत नाही. महिलांचा अव्वल संघ मात्र जणू साऱ्या महिला खेळाची जबानी द्यायला उभा असतो. याला इतिहास आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली हा खेळ शोधला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी तो स्मिथ महाविद्यालयातल्या मुलींना शिकवला, पण मैदानाचे तीन भाग पाडून. मुलीने आपला भाग ओलांडायचा नाही, दुसरीच्या हातून चेंडू हिसकावायचा नाही. बायकांच्या देहामनाला ताण सोसणार नाही, या त्या काळच्या धारणेला सांभाळून घेत त्यांनी मुलींना मैदानावर तरी आणले. त्यांची ती थोरवीच. पण पाच जणींनी पुरे मैदान धावून खेळण्याचा नियम अमेरिकन महाविद्यालयांत १९७१ साली आला. म्हणजे जवळजवळ ८० वर्षे अपेक्षा कमी ठेवणे हाच अन्याय होता. २०२१च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना भलीमोठी व्यायामशाळा आणि महिलांना डंबेल्सचा एक छोटा मनोरा, हे एका खेळाडूने चित्रफितीतून जगाला दाखवले, तेव्हा तो अन्याय किती ताजा आहे तेही कळले. २०२४चा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांच्या सामन्याचा प्रेक्षकवर्ग त्या वर्षी प्रथमच त्याहून कमी, दीड कोटीच्या आत होता. आणि त्यानंतरही, आता हा आकडा टिकेल का, हा प्रश्न पुन्हा त्याच विशीतल्या मुलींना विचारला गेला. नोव्हेंबर २०२५मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे. सांगलीच्या स्मृती मानधनाकडून शतक हवे, हे ठीक. महिला क्रिकेटला प्रेक्षक मिळतात हे तिने दर सामन्यात सिद्ध करावे, हे तिचे काम नव्हे.

यावर कोणी म्हणेल की मग तुम्ही बेरेन्सनबाईंच्या काळात परत जायला सांगता. मुलींवर ताण नको, म्हणून अपेक्षाच नको. असे मुळीच नाही. क्षमतेविषयीची अपेक्षा जितकी उंच ठेवता येईल तितकी ठेवावी. पण निकालाविषयीचा हक्क सोडला पाहिजे, कारण समोरचा संघही जिंकायलाच आलेला असतो, आणि तो दिवसेंदिवस बलवान होतो आहे हे तर या खेळाचे भाग्य आहे. मिसिसिपी स्टेटची मुलगी भोंग्याबरोबर बास्केट करते, याचे श्रेय तिला न देता ते कनेक्टिकटच्या नावे अपयश म्हणून टाकणे हा दोन्ही संघांवर अन्याय आहे.

२०२५च्या एप्रिलमध्ये टॅम्पा इथे कनेक्टिकटने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असे हरवले आणि नऊ वर्षांचा दुष्काळ संपला, असे सगळीकडे छापून आले. त्या तथाकथित दुष्काळात हा संघ सहा वेळा शेवटच्या चारांत पोहोचला होता. त्यातली सहावी वेळ २०२४ची. आयोवाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात एका गुणाने मागे असताना, जेमतेम चार सेकंद उरलेले असताना, अलिया एडवर्ड्सने सहकारी खेळाडूसाठी आडोसा धरला. तो धरताना ती हलली, म्हणजे नियमभंग झाला, असे पंचांनी ठरवले, चेंडू आयोवाला गेला आणि सामना ७१-६९ असा संपला. निर्णय बरोबर की चूक, यावर अनेक दिवस वाद झाला. एडवर्ड्स आणि तिची सहकारी निका म्यूल, दोघींची चार वर्षे तिथे संपली. दोघींच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद नाही. बास्केट होईल असा नेमका पास देण्यात म्यूल कनेक्टिकटच्या साऱ्या इतिहासात पहिली आहे. असे ६८६ पास तिने दिले, सू बर्ड आणि डायना टॉरासी यांच्यासारख्या दिग्गज खेळाडू ज्या संस्थेत खेळून गेल्या तिथे. ज्यांना पैसे मोजून संघ बांधायचा असतो त्यांनी मात्र वेगळा हिशेब केला होता. त्या पराभवानंतर दहा दिवसांनी व्यावसायिक लीगची निवड झाली. एडवर्ड्सला सहाव्या आणि म्यूलला चौदाव्या क्रमांकावर बोलावले गेले.